संत्र्यावरचा पतंग आधी ओळखा, मग दुकानात जा

प्रश्न (वरूड तालुका, जि. अमरावती): आंबिया बहराची (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांची) संत्री रंगावर येताच गळत आहेत. फळाला टाचणीएवढे छिद्र, आत अळी नाही. दुकानदाराने फळमाशी सांगितली. दोन फवारण्या झाल्या, गळ थांबली नाही. विमा मिळेल का?

उत्तर: फवारणी थांबवा. फळमाशीची अळी फळातच वाढते. एकाही फळात अळी नाही, मग फळमाशी कशी? छिद्राजवळ दाबून पाहा. रसाची चिळकांडी उडाली की समजा, हा रस शोषणारा पतंग.

रात्री आठच्या सुमारास टॉर्च घेऊन बागेत फिरा. फळावर बसलेल्या पतंगाचे डोळे उजेडात निखाऱ्यासारखे चमकतात. पुढचे पंख वाळक्या पानासारखे, म्हणून दिवसा तो समोर असूनही दिसत नाही. पंख उघडले की मागची जोडी नारिंगी, काठाला काळा पट्टा. मधे काळा गोल ठिपका असेल तर युडोसिमा मटर्ना. जाड, वाकडा काळा डाग असेल तर युडोसिमा फॅलोनिया. जुन्या पुस्तिकांत हे ऑथ्रेइस नावाने, हरभऱ्यावरच्या घाटेअळीच्या नॉक्टुइडी कुळात सापडतील. आता कूळ एरेबिडी. कूळ बदलले तरी सोंड तीच, टोकाला करवतीसारखे दाते असलेली.

घाटेअळी खाते त्या भागावर औषध पडले की तिच्या पोटात जाते. इथे नुकसान अळीचे नाही, पतंगाचे आहे. तो रात्री बाहेरून येतो, साल न खाता सोंड थेट गरात घालतो. तुमची फवारणी पतंगाला नाही, फळाला लागते आणि तोडणीच्या तोंडावर फळासोबत बाजारात जाते. दुकानदार डोस दुप्पट करा म्हणेल. करू नका. दोन औषधे मिसळा म्हणेल. तेही करू नका. मिथाईल युजेनॉलचा सापळा फळमाशीच्या नरांसाठी असतो, यात त्याचा काही उपयोग नाही.

आमिष करा: मॅलाथिऑन 50 ईसी 20 मिली, गूळ 200 ग्रॅम, गळलेल्या फळांचा रस अर्धा लिटर, पाणी 2 लिटर. रुंद तोंडाच्या बाटल्यांत भरून 25 ते 30 झाडांमागे दोन टांगा. पोरे आणि गुरे यांच्यापासून लांब. औषध 20 मिलीच. वास उग्र झाला की पतंग तोंड लावत नाही. संध्याकाळी 7 ते 10 कडुलिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर करा. दुपारचा धूर म्हणजे डोळ्यांना त्रास, बाकी काही नाही. गळलेली फळे रोज वेचून खोल पुरा.

विम्याचे विचारता, तर फळपीक विमा हवामानाच्या नोंदींवर चालतो, टोचलेली फळे मोजून नव्हे. बाकी सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा कृषी सहायक) विचारा.

माझा भर मात्र बांधावर आहे. या पतंगाची अळी संत्र्यावर नाही, गुळवेल आणि वासनवेलीवर वाढते. कोरोनानंतर बऱ्याच जणांनी हौसेने बांधावर गुळवेल चढवली आहे. ती मुळासकट काढा, शेजाऱ्यालाही काढायला लावा. काढ्यासाठी हवीच असेल तर अंगणात लावा आणि तिच्यावर डोळ्यांसारखे ठिपके असलेली मखमली काळसर अळी दिसली की चिरडा.