बेल-भंडारा, मतपेटी आणि पंचायतीची वही

सीमाभागातल्या वाचकांची पत्रं: सरकार, धर्म आणि देव न मानणारा नागरिक

आमच्या ग्रामपंचायतीने देवळाच्या आवारात समुदाय भवन बांधायला निधी दिला. जत्रेत पाण्याचे टँकर आणि दिवेही पंचायतीचेच. मी घरपट्टी भरतो, देव मानत नाही. घटनेच्या कलम 27 खाली हे थांबवता येईल का? (खानापूर तालुका)

कलम 27 घेऊन कोर्टात गेलात तर बहुधा हात हलवत परत याल. ज्या कराचं उत्पन्न खास एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी राखून ठेवलेलं आहे, तो कर भरायची सक्ती करता येत नाही, एवढंच ते कलम म्हणतं. घरपट्टी तशी नाही. हज अनुदानाच्या खटल्यात 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की एखाद्या कराच्या एकूण वसुलीतला मोठा हिस्सा एका धर्माकडे वळत असेल, तरच या कलमाचा भंग होतो. पंचायतीचे चार-पाच लाख त्या मापात बसत नाहीत.

टँकर आणि दिवे सोडून द्या. जत्रेला माणसं जमणार, त्यांना पाणी, उजेड आणि संडास लागणार. उद्या कॉलरा पसरला तर तो आस्तिक-नास्तिक बघणार नाही. हा खर्च देवावरचा नसून गर्दीवरचा आहे.

समुदाय भवनाचं प्रकरण मात्र वेगळं आहे आणि तिथे धर्मापेक्षा जमिनीचा प्रश्न जास्त कामाला येतो. पीडीओंकडे (पंचायत विकास अधिकारी) माहिती अधिकारात अर्ज करा आणि चारच गोष्टी मागा: मंजुरीच्या ठरावाची प्रत, खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकला त्याची नोंद, मोजमाप पुस्तकातली पानं आणि त्या जागेचा ई-स्वत्तूचा (पंचायतीच्या मिळकत नोंदीचा) नमुना 9. जागा ट्रस्टच्या किंवा देवस्थान कमिटीच्या नावावर निघाली, तर सार्वजनिक पैसा खासगी मिळकतीत गेला, असा सरळ लेखापरीक्षणाचा आक्षेप उभा राहतो. त्याला देव आहे की नाही हे ठरवावं लागत नाही. वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. तो भवनाकडे वळवला असेल तर आक्षेप आणखी पक्का. निधी खासदारांचा असेल तर काम सोपं, कारण प्रार्थनास्थळाच्या आत किंवा धार्मिक संस्थेच्या जमिनीवरचं काम त्या योजनेच्या नियमांतच वर्ज्य आहे.

अर्ज फेटाळले जातात ते बहुतेक तीन कारणांनी. एक, ‘देवळाला पैसे का दिले?’ असं विचारलं जातं. ‘का’ला उत्तर देणं कायद्याने बंधनकारक नाही, कागद मागा. दोन, कर्नाटकाच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द अशी मर्यादा आहे. तीन, भाषा. कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असं म्हटलं आहे. मराठी अर्ज परत आला म्हणून भांडत बसलात तर भाषेचं भांडण होईल आणि भवन पुरं होईल. मूळ अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत द्या, मराठी प्रत हवी तर सोबत जोडा. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील आणि तिथेही काही झालं नाही तर 90 दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. आयोगाचं पीठ बेळगावातही आहे. कागद हाती आले की तक्रार तालुका पंचायतीच्या ईओंकडे (कार्यकारी अधिकारी), प्रत जिल्हा पंचायतीच्या सीईओंना.

तुम्ही तळटीपेत भूमिपूजनाबद्दलही विचारलं आहे. त्यात पडू नका. गुजरात उच्च न्यायालयाच्याच इमारतीच्या भूमिपूजनाविरुद्धची याचिका 2011 मध्ये फेटाळली गेली आणि याचिकाकर्त्याला 20,000 रुपये दंड बसला. तो निकाल पटण्यासारखा नाही. सरकारी नारळ फुटला की सरकार एका बाजूला उभं राहतंच. पण आज कायद्याचं वारं तसं आहे.

कोर्टात साक्षीला उभा राहिलो तर देवाची शपथ घ्यावीच लागते का? (बेळगाव)

नाही. 1969 च्या शपथ कायद्याच्या कलम 5 प्रमाणे साक्षीदाराला शपथेऐवजी दृढकथन, म्हणजे देवाचं नाव न घेता खरं बोलण्याची प्रतिज्ञा, करता येतं. शिरस्तेदार कन्नडमध्ये देवाच्या नावाने सुरुवात करतील, तेव्हा तिथेच ‘सत्यनिष्ठेयिंद’ म्हणतो असं सांगा. कारण द्यायची किंवा भाषण करायची गरज नाही. पिंजऱ्यात चढण्याआधी वकिलांच्या कानावर घातलेलं बरं. खोट्या साक्षीची शिक्षा दोन्हींना सारखीच, सात वर्षांपर्यंत.

मुलगी सरकारी मराठी शाळेत चौथीत आहे. रोज प्रार्थनेला हात जोडायला लावतात, शारदापूजनाची वर्गणीही मागतात. तक्रार केली तर मुलीला त्रास होईल अशी भीती वाटते. (बेळगाव तालुका)

भीती रास्त आहे, म्हणून पहिलं पाऊल तक्रारीचं नको.

संपूर्ण सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे घटनेचं कलम 28(1). मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही, हे 28(3). पालकांना बहुतेक वेळा दुसरं पोटकलम जास्त उपयोगी पडतं, कारण पहिल्यात ‘धार्मिक शिक्षण म्हणजे काय’ यावर वाद होतो. धर्मांची माहिती देणं म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये म्हटलेलं आहे. तेव्हा संतांचे अभंग पाठ्यपुस्तकात आले म्हणून पत्र लिहू नका. अभंग मराठी मुलीने शिकायलाच हवेत.

मुख्याध्यापकांना अर्ध्या पानाचं पत्र द्या: ‘आमची संमती नाही. मुलगी रांगेत शांत उभी राहील, हात जोडणार नाही, कुणाला अडथळा करणार नाही. पूजनाची वर्गणी ऐच्छिक असल्याने आम्ही देत नाही.’ पोच घ्या. मुलीला रांगेबाहेर काढा असं मात्र कधीही मागू नका. एकटी वर्गात बसलेली मुलगी मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या तोंडी येते. पंधरवड्यात फरक पडला नाही तर तेच पत्र एसडीएमसी (शाळा समिती) अध्यक्षांना, आणि शेवटी बीईओंना (गटशिक्षणाधिकारी).

नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत म्हणून त्याची वेतनश्रेणी अडली होती. मुंबई उच्च न्यायालयाने 2013 मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. पत्रात तो जरूर लिहा, पण आपल्याला धारवाड खंडपीठ लागतं. मुंबईचा निकाल इथे दाखला म्हणून चालतो, बंधन म्हणून नाही. सीमाभागात ही गल्लत फार होते.

मुजराई खातं (देवस्थानं बघणारं सरकारी खातं) देवळांचा पैसा घेऊन इतर धर्मांना वाटतं म्हणतात. नास्तिकांना हे चालतं का? (सौंदत्ती)

नाही, असं वाटप होत नाही. 1997 च्या कर्नाटक कायद्यात, 2011 च्या दुरुस्तीनुसार, वर्षाला 10 लाखांवर उत्पन्न असलेल्या मुजराई देवळाने 10 टक्के आणि 5 ते 10 लाखवाल्याने 5 टक्के सामायिक निधीत भरायचे आहेत. तो निधी हिंदू देवस्थानांवरच, मुख्यतः ‘क’ गटातल्या म्हणजे 5 लाखांखालच्या गरीब देवळांवर खर्च करायचा आहे. मठ आणि मठांची देवळं या कायद्याबाहेर आहेत. देवळांना सरकारकडून तस्तीक म्हणून वार्षिक रक्कम मिळते ती इनाम जमिनी सरकारजमा झाल्याची भरपाई.

तरीही ही व्यवस्था आम्हाला पटत नाही, पण कारण उलटं आहे. यल्लम्मेच्या देवळाचा कारभार सरकारी अधिकाऱ्याने का पाहावा? पुजाऱ्याची पाळी आणि नैवेद्याची वेळ ठरवणं हे सरकारचं काम नाही. हिशेब तपासणं मात्र आहे, आणि ते सगळ्या धर्मांचं. हा कर्नाटक कायदा लागू होण्याआधी बेळगाव भागात 1950 चा मुंबईचा सार्वजनिक विश्वस्त कायदा होता. त्यात देऊळ, दर्गा, चर्च एकाच कचेरीत नोंदायचे, एकाच धर्तीचे हिशेब द्यायचे. विश्वस्त भाविकांचे, तपासणी सरकारची. तत्त्व म्हणून तोच कायदा सरस होता. देवळांची ‘मुक्ती’ मागणाऱ्यांना विचारा, ही तपासणी मान्य आहे का. बरेच जण तिथे गप्प होतात.

मतदानाच्या आदल्या रात्री देवळात नेऊन बेल-भंडारा उचलायला, म्हणजे देवाची शपथ घ्यायला लावतात. बायका तर घाबरूनच मत देतात. हा गुन्हा आहे का? आणि मराठीच्या नावावर मत मागणंही त्यात येतं का? (चिकोडी तालुका)

हो, आणि कायद्यात याचं जवळजवळ वर्णनच आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(2) मध्ये, देवाचा कोप होईल अशी मतदाराची समजूत करून देणं हा गैरवाजवी दबाव धरला आहे. शिवाय 1988 च्या धार्मिक संस्था गैरवापर प्रतिबंधक कायद्याने देवळाची जागा राजकीय कामाला वापरता येत नाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत.

अडतं ते पुराव्यापाशी. निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल अ‍ॅपवर जागच्या जागी काढलेला व्हिडिओ टाका, जुनी क्लिप तिथे चालत नाही. व्हिडिओत ताट, देऊळ आणि बोलणारा माणूस एका चौकटीत यायला हवा. नुसती भंडाऱ्याची मूठ काहीच सिद्ध करत नाही. मूळ फोन जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेली प्रत कोर्टात लंगडी पडते, आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं. निवडणूक आमदारकीची किंवा खासदारकीची असेल तर निकालानंतर 45 दिवसांत उच्च न्यायालयात याचिका, अनामत 2,000 रुपये. याचिका कुणीही मतदार करू शकतो. पण हे कृत्य उमेदवाराने, त्याच्या एजंटाने किंवा त्यांच्या संमतीने झालं, हे दाखवावं लागतं. गल्लीतल्या कार्यकर्त्याचं नाव घेऊन उमेदवार हात झटकतो, ते इथेच.

घाबरलेल्या बाईला त्या रात्री ‘देव नाहीच’ हे पटवायला जाऊ नका. तिला एवढंच सांगा की मत गुप्त आहे आणि यंत्राला भंडारा कळत नाही. जबरदस्तीने उचललेला भंडारा देवाला चालत नाही, असं गावातल्या एखाद्या माळकरी बुवांनी म्हटलं तर आपल्या दहा पत्रकांपेक्षा ते जास्त लागू पडतं.

आता मराठी. कलम 123(3) मध्ये धर्म आणि जातीबरोबर भाषाही आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने 4 विरुद्ध 3 असा निकाल दिला, की उमेदवाराचाच नव्हे तर मतदाराचाही धर्म, जात किंवा भाषा पुढे करून मत मागणं भ्रष्ट आचार ठरतं. पण भाषा टिकवण्याचा कार्यक्रम मांडणं त्यात येत नाही, हे 1964 च्या निकालापासून स्पष्ट आहे. ‘मराठी शाळा बंद पडू देणार नाही, परिपत्रकं मराठीतून मिळवीन’ हे चालतं. ‘मी मराठी, तो कानडी, म्हणून मला’ हे चालत नाही.

फॉर्मवर धर्माचा रकाना कोरा ठेवला तर काय होतं? (निपाणी)

तुमची जात अनुसूचित असेल तर आधी थांबा. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हिंदू, शीख किंवा बौद्ध नसलेल्या व्यक्तीला अनुसूचित जातीचा मानत नाहीत. ‘निधर्मी’ लिहिलेला कागद पुढे जात पडताळणीत तुमच्याच अंगावर येऊ शकतो. अनुसूचित जमातींना ही अट नाही. ही अट अन्यायाची आहे यात वाद नाही, पण ती मोडायला मुलाचा मेडिकलचा प्रवेश पणाला लावू नका.

बाकीच्यांनी बिनधास्त ‘धर्म नाही’ लिहावं. कोरा ठेवू नये. कोरा रकाना कारकून आडनाव बघून भरतो. सरकार धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा 2014 चा निकाल आहे. जनगणनेतही हेच. 2011 मध्ये सुमारे 28 लाख 67 हजार लोक ‘धर्म सांगितला नाही’ या गटात गेले. प्रगणक आले की नोंद वाचून दाखवायला लावा.

यामुळे वारसा हक्क बदलतो हा गैरसमज आहे. हिंदू वारसा कायदा मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, ज्यू आणि अनुसूचित जमाती सोडून इतर सगळ्यांना लागू होतो, मग ते देव मानोत वा न मानोत. वडिलांच्या शेतातला हिस्सा ‘धर्म नाही’ लिहिल्याने जात नाही.