सापडलेली पर्स आणि घरातली कुजबुज

प्रश्न: ताई, मी घणसोलीला राहते, ठाण्यात एका ऑफिसात हाउसकीपिंगला आहे. परवा संध्याकाळी ठाणे-वाशी लोकलमध्ये सीटखाली एक छोटी पर्स मिळाली, आत पैसे, सोन्याच्या कुड्या आणि घडी घालून घालून मऊ पडलेली डॉक्टरची चिठ्ठी. चिठ्ठीवर बाईंचं नाव आहे, नंबर नाही. दीर म्हणतात लक्ष्मी आपणहून आलीये, परत कुठे पाठवतेस. नवरा गप्प. मुलाची फी थकलीये, खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात आलं. आता दोन दिवस गेलेत, पोलिसांकडे गेले तर माझ्यावरच आळ येईल का?
– एक वाचक, घणसोली

उत्तर: ताई, रक्कम आणि कुड्यांची जी खूण तुम्ही लिहिलीत ती मी मुद्दाम छापली नाही, तुम्हीही कुणाला सांगू नका आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो तर अजिबात टाकू नका, नाहीतर "माझंच आहे" म्हणणारे चार जण उभे राहतील. ती खूण जी बाई स्वतःहून सांगेल तिचीच पर्स.

आळाची भीती काढून टाका. सापडलेली वस्तू मालकाला द्यायची म्हणून सांभाळून ठेवणं हा गुन्हा नाहीच. मालक कळत असताना किंवा शोधायचा नीट प्रयत्नही न करता ती स्वतःसाठी वापरली की मग भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ लागतं, शिक्षा कमीत कमी ६ महिने आणि २ वर्षांपर्यंत, वर दंड. तुम्ही एका रुपयालाही हात लावलेला नाही. पण "मालक सापडलाच नाही" असं दीरांना म्हणता येणार नाही, कारण चिठ्ठी हातात आहे ना! बाईंचा नंबर नसला तरी वरती दवाखान्याचं नाव-पत्ता असेल, बहुतेक फोनही असतो. तिथे फोन करून पेशंटचा नंबर मागू नका, ते देणार नाहीत आणि देऊही नये, आपला नंबर ठेवा आणि बाईंना निरोप द्यायला सांगा.

आणि उद्याच ड्युटीवर जाताना ठाणे स्टेशनवर आरपीएफच्या (रेल्वे सुरक्षा दलाच्या) चौकीत जा, नवऱ्याला किंवा मैत्रिणीला सोबत घ्या. गाडीत राहिलेलं सामान परत करायचं काम ते 'ऑपरेशन अमानत' खाली करतातच. पैसे त्यांच्यासमोर मोजा, कुड्या लिहून घ्यायला लावा, पोच मागा. पोच मागायला लाजू नका, हे मी जोर देऊन सांगतेय, उद्या कुणी काही बोललं तर तोच कागद तुमच्या बाजूने बोलेल. पर्स हरवलेल्या बाईंनी रेल्वेच्या हेल्पलाइनला, १३९ ला, फोन केलेला असला तर गाठ आणखी लवकर पडेल.

मनात आलं म्हणून स्वतःला वाईट समजू नका. २०१९ मध्ये 'सायन्स' या विज्ञान साप्ताहिकात एक मोठा अभ्यास आला होता, ४० देशांत, आपल्या भारतातही, १७ हजारांवर पाकिटं "रस्त्यात सापडलं" म्हणून बँका, हॉटेलं, पोस्टं अशा ठिकाणच्या काउंटरवर दिली आणि कोण मालकाला कळवतं ते पाहिलं. बहुतेक सगळ्या देशांत पैसे नसलेल्या पाकिटापेक्षा पैसेवाल्या पाकिटाबद्दल जास्त लोकांनी कळवलं! अभ्यासकांचं म्हणणं असं की ठेवून घेतलं तर आपण आपल्याच नजरेत चोर ठरू हे माणसाला सहन होत नाही. पाकिटात किल्लीही ठेवली होती, तिचा उपयोग फक्त मालकालाच, आणि काही देशांत काही पाकिटांत ती न ठेवता पाहिलं, तर किल्लीवाल्या पाकिटांबद्दल कळवणारे जास्त निघाले, म्हणजे समोरच्याची अडचण दिसली की माणूस हलतो. तुमच्या हातातली ती मऊ चिठ्ठी तशीच आहे, त्या बाईंची औषधं आहेत त्यात. दीरांना एकदा वाचायला द्या.

बाईंनी खुशीने काही दिलं तर संकोच न करता घ्या, त्यात कमीपणा नाही, फक्त आपण मागायचं नाही. फीसाठी मात्र या आठवड्यातच शाळेत मुख्याध्यापकांना भेटा, हप्ते पाडून मिळतात का विचारा, आणि या वेळी नवऱ्याला पुढे करा, ताई, सगळं तुम्ही एकटीनेच कशाला ओढायचं.