मकरपुऱ्यातल्या नोकरीला लागण्याआधी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

बडोद्यात मकरपुऱ्याच्या कारखान्यात शस्त्रांच्या सुट्या भागांच्या निर्यातीचं काम मिळालं, आनंद झाला. पण ‘परवाना सरकार देतं, आपण फक्त माल पाठवायचा’ हे तुझं वाक्य मला खटकलं.

असे भाग बाहेर पाठवायला स्कोमेट यादीच्या, म्हणजे परवानगीशिवाय निर्यात न करता येणाऱ्या मालाच्या सरकारी यादीच्या, सहाव्या वर्गाखाली संरक्षण उत्पादन विभागाची परवानगी लागते. ती मिळाली तरी तुमची जबाबदारी उरतेच. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने २०११ साली मान्य केलेली मार्गदर्शक तत्त्वं तसं स्पष्ट सांगतात: सरकार आपलं कर्तव्य करो न करो, कंपनीने मानवाधिकार जपायचेच. ही तत्त्वं कायद्यासारखी बंधनकारक नाहीत. आंतरराष्ट्रीय शस्त्रव्यापार करार आहे, पण तो देशांना बांधतो आणि भारत त्यात सामील नाही.

म्हणून विकणारा सुटतो असं नाही. फ्रान्स व्हान अनराट या डच व्यापाऱ्याने सद्दामच्या इराकला थायोडायग्लायकॉल विकलं. हे रसायन शाईतही लागतं आणि मस्टर्ड गॅस या रासायनिक अस्त्रालाही. २००५ साली डच न्यायालयाने त्याला युद्धगुन्ह्यातला साथीदार ठरवून १५ वर्षांची शिक्षा दिली; अपिलात ती १७ झाली. बडोद्यात रसायनांचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाला हा खटला माहीत हवा.

एंड यूजर सर्टिफिकेट, म्हणजे माल कोण आणि कशासाठी वापरणार याची घेणाऱ्या देशाच्या सरकारी खात्याने दिलेली लेखी हमी, आलं की ते ऑर्डरशी ताडून बघ: नग, भागाचा क्रमांक, वापर, सही करणाऱ्याचा हुद्दा. सहीची खात्री त्या खात्याकडून थेट करून घे, दलालाने दिलेल्या फोन नंबरवरून नको. फसगत बहुतेक तिथेच होते. घेणाऱ्याकडे जेवढी यंत्रं आहेत त्यांना पुरून उरतील इतके सुटे भाग मागितले, तर उरलेले कुठे जाणार हे लेखी विचार. मग माल कुठली तुकडी वापरणार आणि तिच्यावर नागरिकांना मारल्याचे, छळल्याचे आरोप आहेत का, हे संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी अहवालांत शोध. देशाचं नाव चांगलं असलं तरी तुकडीचं नसू शकतं.

माल एकदा बंदरातून सुटला की तुमच्या हातात फक्त पुढचे सुटे भाग, दुरुस्ती आणि प्रशिक्षण उरतं. तेव्हा गैरवापराचा ठोस पुरावा दिसताच हे सगळं थांबवण्याचा आणि परस्पर पुढे विकायला मनाई करण्याचा हक्क करारातच लिहून घे. ऑर्डर पक्की झाल्यावर हे कलम कोणी घालू देत नाही. त्यामुळे कोटेशन जाण्याआधीच कराराचा मसुदा तुझ्या टेबलावर यायला हवा. रुजू होताच साहेबांकडून एवढं कबूल करून घे.

तुझा,
काका