शंभर देऊन ऐंशी घ्यायचे?

प्रश्न : मागच्या उन्हाळ्यात आम्ही स्वित्झर्लंडमध्ये एमोसाँच्या धरणावर गेलो होतो. गाईडने सांगितलं, की इथलं पाणी रात्री वरच्या तलावात चढवतात आणि दिवसा खाली सोडून वीज करतात. माझे यजमान बँकेत होते. ते तिथेच म्हणाले, चढवायला लागते त्यापेक्षा कमीच वीज परत मिळणार, मग हा आतबट्ट्याचा व्यवहार कशासाठी? त्याचं उत्तर मिळालं नाही. (एक वाचिका)

उत्तर : यजमानांचा हिशेब बरोबर आहे. शंभर युनिट खर्चून चढवलेलं पाणी उतरताना साधारण ऐंशी युनिट देतं. दहाएक टक्के चढताना जातात, दहाएक उतरताना. बोगद्यातलं घर्षण, पंप, जनरेटर, ट्रान्सफॉर्मर, प्रत्येकजण आपला घास काढून घेतो. पण शंभर युनिट कुठल्या वेळी दिले आणि ऐंशी कुठल्या वेळी घेतले, हे त्या हिशेबात आलेलं नाही.

वीज ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी कुणीतरी वापरावी लागते. युरोपात जूनमधल्या एखाद्या रविवारी कारखाने बंद असतात आणि ऊन रणरणत असतं. सौर पॅनेलांची एवढी वीज ग्रिडमध्ये येते, की बाजारभाव कधी कधी शून्याच्याही खाली उतरतो. म्हणजे वीज उचलणाऱ्यालाच वर पैसे मिळतात. त्याच दिवशी सूर्य मावळला की तेच युनिट सगळ्यांना हवं असतं. दुपारी कुणालाच नको असलेले शंभर घेऊन संध्याकाळी अडलेल्याला ऐंशी दिले, तर त्याला मी तोटा म्हणणार नाही. ‘रात्री चढवतात’ हे पूर्वी जास्त खरं होतं, कारण अणुवीज केंद्रं रात्रभर चालूच ठेवावी लागत आणि रात्री मागणी कमी. आता पंप भर दुपारीही चालतात.

तुम्ही उभ्या होतात त्या भिंतीमागच्या एमोसाँ तलावात 22.5 कोटी घनमीटर पाणी मावतं. त्याच्या वर, डोंगराच्या खोबणीत, व्यू एमोसाँ नावाचा लहान तलाव आहे. त्याची 1955 सालची भिंत 21.5 मीटरने उंच केली, तेव्हा साठा 1.1 कोटीवरून 2.5 कोटी घनमीटर झाला. दोन्ही तलावांच्या मध्ये डोंगराच्या पोटात नाँ द द्राँस हे उदंचन केंद्र, म्हणजे पाणी वर चढवून पुन्हा त्यापासून वीज करणारं केंद्र आहे. काम 2008 मध्ये सुरू झालं आणि केंद्र 2022 मध्ये चालू झालं. पंप आणि टर्बाइन अशी दोन्ही कामं करणारी 150 मेगावॉटची सहा मशीन, एकूण 900 मेगावॉट.

आता यजमानांसाठी एक गणित, कागद-पेन्सिल घेऊन करता येईल असं. दोन तलावांच्या पातळीत ढोबळ मानाने 300 मीटरचा फरक धरा. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. एक टन वजन 300 मीटर उतरलं, की सुमारे 0.8 युनिट ऊर्जा मिळते. एवढंच! हजार लिटरची टाकी शंभर मजली इमारतीवरून खाली आणली, तर एक युनिटही पुरतं होत नाही. मी अशाच एका केंद्रात नोकरीला नवा होतो तेव्हा हा आकडा तीनदा करून पाहिला होता, विश्वासच बसेना. म्हणूनच कोट्यवधी टन पाणी लागतं. 2.5 कोटी गुणिले 0.8, म्हणजे 2 कोटी युनिट. सहाही मशीन पूर्ण ताकदीने सुमारे 20 तास चालतील एवढा हा साठा आहे.

आणि गिऱ्हाईक कोण, तेही पाहा. या केंद्रात स्विस रेल्वेचा 36 टक्के वाटा आहे. तिथे मोठ्या स्टेशनांवरून गाड्या ठरावीक मिनिटाला एकदम सुटतात, त्या मिनिटाला विजेची मागणी उसळी घेते. रेल्वेचं या दरीशी नातं मात्र फार जुनं. पहिल्या महायुद्धात कोळशाची टंचाई झाली आणि स्विस रेल्वेने विजेचा ध्यास घेतला. त्यातून इथे 1925 मध्ये बार्बरीन धरण पुरं झालं. पुढे एमोसाँ धरणाची 180 मीटर उंच कमानीची भिंत उभी राहिली आणि आख्खं जुनं धरण तिच्या तलावात बुडालं. ते आजही पाण्याखाली उभं आहे. ज्या इंजिनिअरांनी ते बांधलं, त्यांच्या कामावर पुढच्यांनी पाणी सोडलं, तरी मला त्यात अपमान वाटला नाही. मी त्या कठड्यावर बराच वेळ उभा राहून पाण्यात बघत होतो. दिसत काही नव्हतं, तलाव भरलेला होता.

प्रश्न : अशी केंद्रं डोंगरात इतकी खोल का खणतात? हिमकडे कोसळतात म्हणून का? (अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी)

उत्तर : तो फायदा आहेच. पण नाँ द द्राँसचं 194 मीटर लांब आणि 52 मीटर उंच दालन जमिनीखाली 600 मीटरवर आहे, त्याचं मोठं कारण पंप. पंपाला पाणी वर ओढायला आवडत नाही, ते त्याच्याकडे दाबाने यावं लागतं. म्हणून मशीन खालच्या तलावाच्याही पातळीखाली बसवतात. दाब कमी पडला, तर रनरच्या, म्हणजे मशीनमधल्या फिरत्या चाकाच्या, पात्याच्या पाठीवर पाणी थंड असतानाच उकळतं, बुडबुडे होतात आणि फुटताना धातूचे कण उचकटून नेतात. बाहेरून आवाज येतो तो आत खडी टाकल्यासारखा. ओव्हरहॉलच्या वेळी मी ड्राफ्ट ट्यूबमधून, म्हणजे मशीनखालच्या मोठ्या नळातून, पालथं पडून, दिवा घेऊन रनरखाली गेलो आहे. बोट फिरवलं, तर गुळगुळीत पात्यावर मध्येच तळहाताएवढा भाग स्पंजासारखा खरबरीत लागला. तिथे वेल्डिंगने धातू भरायचा, साचा लावून घासायचं, पुन्हा बोट फिरवायचं. हे पुस्तकात वाचून कळत नाही, संधी मिळाली तर एकदा आत जाच.

सुरुवातही अशीच नाजूक असते. पंप म्हणून चालू करताना आधी दाबाची हवा भरून पाणी रनरच्या खाली ढकलतात, रनर हवेत फिरवून वेगात आणतात आणि मग पाणी घेतात. मी होतो त्या केंद्रात एकदा हवेची झडप गळत होती. पाणी रनरला लागलं, करंट सरसर चढला आणि मशीन ट्रिप झालं, म्हणजे आपोआप बंद पडलं. पुन्हा सुरू करेपर्यंत पाऊण तास गेला, तिकडे लोड डिस्पॅचचा, म्हणजे ग्रिड सांभाळणाऱ्या नियंत्रण कक्षाचा, फोन थांबेना.

आमचा पंप एकतर पूर्ण वीज खायचा, नाहीतर काहीच नाही. नाँ द द्राँसच्या मशीनचा वेग बदलता येतो, त्यामुळे पंप करतानाही किती वीज उचलायची ते कमी-जास्त करता येतं. पंपावरून टर्बाइनवर यायला पाच मिनिटंही लागत नाहीत. हे ऐकलं तेव्हा मला खरोखर हेवा वाटला.

प्रश्न : हिमनद्या वितळून संपल्या, तर ही केंद्रं बंद पडतील का? (एक वाचक)

उत्तर : दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. वर-खाली फिरणारं पाणी तेच ते असतं, नाँ द द्राँसचं काम हिमनदीवर अवलंबून नाही. एमोसाँचं वार्षिक पाणी मात्र आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखराच्या परिसरातल्या बर्फाचं आहे. फ्रान्समधल्या आर्जांतिएर हिमनदीचं पाणी तर बर्फाखालीच अडवून बोगद्यांतून इकडे आणतात. उन्हाळ्यात तलाव भरायचा, हिवाळ्यात वापरायचा आणि वसंतात तळ गाठायचा, असं त्याचं वर्ष. हिमनद्या आटत जाताना काही काळ पाणी वाढतं, मग कमी होतं. पाऊस आणि हंगामी बर्फ राहील, पण ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत दुधाळ पाणी घेऊन धावत येणारे ओढे बारीक होतील. तसे ओढे मी पाहिले आहेत, त्यामुळे हे लिहिताना वाईट वाटतं.