बोटीवर जायचंय की कंट्रोल रूममध्ये?

प्रश्न: ताई, मी नागपूरचाच, यंदा बीएस्सी झालं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा रात्रीच घरात पाणी घुसलं, आजीला एसडीआरएफच्या (राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या) जवानांनी बोटीतून काढलं. तेव्हापासून मला आपत्ती व्यवस्थापनातच अधिकारी व्हायचंय. पण बाबा म्हणतात याच्यात काही करिअर नाही, एमपीएससी कर. काय करू?

उत्तर: अरे, बोटीवरचे जवान आणि आपत्तीचा अधिकारी ही दोन वेगळी कामं आहेत, ते आधी ठरव. राज्याच्या एसडीआरएफमध्ये एसआरपीएफचे, म्हणजे राज्य राखीव पोलीस दलाचे जवान घेतात, म्हणजे तो रस्ता पोलीस भरतीचा. आणि अधिकारी म्हणशील तर २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, राज्य प्राधिकरणाचे मुख्यमंत्री, म्हणजे ऑर्डर निघते ती महसूलमधूनच. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी असं वेगळं पद आहे, पण बऱ्याच ठिकाणी ते कंत्राटी असतं, त्यामुळे बाबांची काळजी खोटी नाही. मला विचारशील तर एमपीएससी देच, तहसीलदार झालास तरी पूर आला की पहिला फोन तुलाच येईल.

पण एक सांगते, या नोकरीतलं खरं काम पाऊस यायच्या आधीचं आहे आणि ते कोणाला दिसत नाही. नदीकाठच्या गावांच्या याद्या, कोणत्या गावात पट्टीचे पोहणारे कोण, बोटीचं इंजिन चालू होतं का, तलाठ्याचा नंबर बदलला का, हे सगळं मे महिन्यात उन्हातान्हात फिरून पाहावं लागतं. तोतलाडोह धरणाचे दरवाजे उघडायचे तर त्याआधी पेंच-कन्हान नद्यांच्या काठावर शेवटच्या घरापर्यंत निरोप गेला पाहिजे, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आपल्याच जिल्ह्यात ३० जुलै १९९१ ला मोवाडला वर्धेच्या पुरात २०४ माणसं गेली, या कामात यायचं तर मोवाडला जाऊन म्हाताऱ्या माणसांशी नक्की बोल, पुस्तकात ते मिळत नाही.

शिकायचं म्हणशील तर तू नशीबवान आहेस, एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) अकादमी आणि राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय दोन्ही नागपुरातच आहेत. मास्टर्स करायचं असेल तर मुंबईला टिसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत) आपत्ती व्यवस्थापनाचा कोर्स आहे. आणि अभ्यास करता करता जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन आपदा मित्रचं, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचं ट्रेनिंग पुन्हा कधी आहे ते विचारून ये, बाबांनाही सोबत ने.