हायरूलचा पहिला दरबार रंगवताना

‘झेल्डा’ व्हिडिओ गेमच्या जगावर लिहायच्या तुझ्या पहिल्याच कथेला हायरूल राज्याचे पहिले राजा-राणी राउरू-सोनिया यांचा दरबार निवडलास, झकास! वंशावळ आणि कालरेषा मात्र आत्ता बाजूला ठेव. त्या नादात माझ्या तीन वह्या भरल्या, कथा एकही झाली नाही.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे महालभर झोनाई, म्हणजे आभाळातून उतरलेल्या राउरूच्या जमातीची माणसं. २०२३च्या ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ या गेममध्ये राउरू आणि त्याची बहीण मिनेरू, दोघंच झोनाई उरलीत. म्हणजे राजा आभाळातून आलेल्यांचा वारस, राणी हायरूलच्याच हायलियन लोकांतली. खरी गंमत इथेच! लांब कानांचा, कपाळावर तिसरा डोळा असलेला हा जावई सोनियाच्या माहेरी पंगतीत कुठे बसत असेल?

आणि पुढे खलनायक होणाऱ्या गॅनॉनडॉर्फला लगेच राक्षस करू नकोस. वाळवंटातल्या गेरुडो जमातीचा राजा म्हणून तो आधी गुडघे टेकून निष्ठेची शपथ घेतो. तेवढाच प्रसंग एखाद्या दासीच्या नजरेतून लिहून दाखव.