क्लब जड आहे, हलका आहे, की नुसता तसा वाटतो? वाचकांचे गोल्फ-प्रश्न

या वेळच्या टपालात स्विंगबद्दल कमी आणि वजनाबद्दल जास्त विचारलंय. कोणी क्लब कापून घेतलाय, कोणी जाड ग्रिप बसवलीय, कोणी ड्रायव्हरचे (सगळ्यात लांब क्लबचे) स्क्रू फिरवून बसलंय, आणि सगळ्यांची तक्रार साधारण एकच, की आता हातात काहीतरी वेगळंच लागतंय. त्यामुळे पुटिंगचे आणि पावसाळी शूजचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न : अमेरिकेतल्या मामेभावाने त्याचा जुना आयर्न सेट दिला. तो सहा फूट दोन, मी पाच फूट चार. इथे सगळे क्लब एकेक इंच कापून घेतले. उंची आता जमते, पण डाउनस्विंगमध्ये हेड (बॉलला लागणारं टोक) कुठे आहे तेच कळत नाही, काठी फिरवल्यासारखं वाटतं. — एक वाचक, कोथरूड

कळणार नाहीच, कारण तुम्ही नुसती लांबी नाही कापली, त्याबरोबर स्विंगवेट पण कापलंत. हे स्विंगवेट म्हणजे क्लबचं एकूण वजन नव्हे, इथेच बहुतेकांचा घोळ होतो. क्रिकेट खेळलेल्यांना सांगायची गरज नाही, साडेअकराशे ग्रॅमच्या दोन बॅट असतात, एक उचलली की पिकअप मस्त आणि दुसरी खाली ओढते, काट्यावर मात्र दोन्ही सारख्याच. क्लबचंही तसंच. वजन हेडकडे किती झुकलंय ते मोजायचं म्हणून क्लब ग्रिपच्या टोकापासून १४ इंचांवर टेकवतात आणि तिथून हेड किती जोराने खाली जातं ते बघतात. ही पद्धत १९२० च्या दशकात रॉबर्ट अॅडम्सने आणली, हिकरीच्या लाकडी शाफ्टच्या (दांड्याच्या) जमान्यात, आणि अजून तीच चालते. आकडे ए-पासून सुरू होतात, प्रत्येक अक्षरात ० ते ९, एकेक पायरी म्हणजे एक पॉइंट, पुरुषांचे तयार सेट साधारण डी-० ते डी-३ च्या आसपास आणि बायकांचे सी मध्ये.

आता तुमचा हिशोब. अर्धा इंच कमी केला की साधारण तीन पॉइंट जातात, इंच गेला की सहा. म्हणजे भावाचा सेट डी-२ होता असं धरलं तर तुमच्या हातात आता सी-६ आहे. एक पॉइंट परत आणायला हेडवर साधारण २ ग्रॅम लागतात, म्हणजे सगळं भरून काढायचं तर प्रत्येक हेडवर १२ ग्रॅम. ते करू नका. तुम्हाला भावाचा आकडा परत आणायचा नाहीये, तुम्हाला हेड परत जाणवायला हवंय, आणि त्याला बऱ्याचदा निम्मंसुद्धा लागत नाही. शिशाची चिकटपट्टी मिळते, लेड टेप म्हणा, अर्धा इंच रुंद. तिचा चार इंचांचा तुकडा साधारण २ ग्रॅम भरतो, पण अंदाजावर जाऊ नका, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर टाका (नंतर काटा पुसा आणि हात साबणाने धुवा, शिसं आहे ते). आधी फक्त ७ आयर्न घ्या, मागच्या पोकळीत मधोमध खाली ४ ग्रॅम लावा, पृष्ठभाग स्पिरिटने पुसून घ्या आणि चमच्याच्या पाठीने पट्टी नीट दाबा म्हणजे कडा उचलणार नाहीत. रेंजवर (सरावाच्या मैदानात) एक बादली बॉल मारा. मग २ ग्रॅम वाढवा किंवा काढा. ७ चं जमलं की मगच बाकीचे.

आणि कुठलं चांगलं ते हाताला विचारून ठरवू नका, फेसला, म्हणजे हेडच्या बॉलला लागणाऱ्या सपाट बाजूला विचारा. व्हाइटबोर्डच्या मार्करने फेस काळा करा, बॉल लागतो तिथला रंग उडतो. चार ग्रॅम लावल्यावर हे ठिपके एका जागी गोळा व्हायला लागले तर ते तुमचं वजन. ठिपके तसेच विखुरलेले आणि तुम्हाला मात्र 'फीलिंग भारी' वाटतंय, तर ती नव्या पट्टीची नवलाई आहे, आठवड्यात उतरते.

वजन पक्कं झालं की कारागिराकडून शाफ्टच्या खालच्या तोंडात छोटं पितळी वजन बसवून घेता येतं, मग बाहेर काही दिसत नाही. पण तेही जास्त घालू नये, कारण ते सगळं हीलच्या, म्हणजे शाफ्ट जोडलेल्या बाजूला बसतं आणि हेडच्या वजनाचा मध्य तिकडे सरकतो. लांबी बदलली म्हणजे लाय अँगलही (शाफ्ट आणि जमीन यांच्यातला कोन) एकदा तपासून घ्या, बॉलवर मार्करने उभी रेघ मारा, रेघ फेसकडे ठेवून शॉट मारा, फेसवर उमटलेली रेघ उभी हवी, तिरकी असेल तर वजनाच्या आधी लाय वाकवून घ्यायला लागेल.

प्रश्न : अंगठ्याचा सांधा दुखतो म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने जंबो ग्रिप बसवल्या. दुखणं कमी झालं, पण सगळे शॉट उजवीकडे जातात. वय ६८. मित्र म्हणतात बॅलन्स बिघडला, हेडला टेप लाव. — एक ज्येष्ठ वाचक, चेंबूर

काका, मित्र अर्धे बरोबर आहेत. साधी ग्रिप ५० ग्रॅमच्या आसपास असते, जंबो त्याहून १५-२०-२५ ग्रॅमनी जड असू शकते. आता ते १४ इंच आठवा. ग्रिप त्या टेकूच्या अलीकडे येते, त्यामुळे तिथे वाढवलेलं वजन हेडला वर उचलतं, ५ ग्रॅमला साधारण एक पॉइंट. म्हणजे तुमचा क्लब काट्यावर जड झालाय आणि स्विंगवेटच्या आकड्यात तीन-चार-पाच पॉइंटनी हलका! इथे जर तुम्ही आकडा परत आणायला हेडवर ८-१० ग्रॅम चिकटवले तर एकूण क्लब आधीपेक्षा तीस-पस्तीस ग्रॅमनी जड होणार, आणि तो भार त्याच दुखऱ्या अंगठ्यावर येणार. अठराव्या होलपर्यंत कोण उचलणार ते?

म्हणून तुमच्या बाबतीत मी उलट सांगेन. जाडी ठेवा, वजन कमी करा. जाड पण हलक्या ग्रिप मिळतात, फोमसारख्या मटेरियलच्या, नेहमीच्या साध्या ग्रिपएवढ्याच किंवा त्याहून हलक्या. विकत घेताना पाकिटावर ग्रॅम बघा, नसतील लिहिले तर दुकानदाराला काट्यावर ठेवायला लावा, लाजू नका. तोपर्यंत एकाच क्लबवर २-४ ग्रॅम टेप लावून बघायला हरकत नाही.

बॉल उजवीकडे जातो त्याचं सगळं खापर मात्र वजनावर फोडू नका. दुखत असताना माणूस नकळत पकड बदलतो, अंगठा वाचवायला डावा हात ग्रिपवर डावीकडे वळवतो (याला 'वीक' पकड म्हणतात), फेस उघडा, म्हणजे उजवीकडे बघत राहतो. एखाद्या दिवशी प्रोला (शिकवणाऱ्याला) फक्त पकड दाखवा, स्विंग नको, पकड.

प्रश्न : स्विंगवेटचा काटा महाग आहे आणि आमच्या शहरात कोणाकडे नाही. घरी मोजता येतं का? — एक वाचक, नाशिक

येतं, आणि अगदी नीट येतं. किचनचा डिजिटल काटा, इंचाची मेजरटेप आणि टेबलाची धारदार कड किंवा उभी धरलेली जाड स्टीलची पट्टी, एवढंच सामान.

क्लबचं वजन ग्रॅममध्ये घ्या. मग क्लब पट्टीवर आडवा ठेवून कुठे तोलतो ते शोधा आणि तिथे पेन्सिलने खूण करा. ग्रिपच्या टोकापासून खुणेपर्यंतचं अंतर इंचांत मोजा, त्यातून १४ वजा करा आणि जे उरेल त्याला वजनाने गुणा. ६०५० च्या आसपास आलं की डी-०. त्याच्या वर दर ५० ला एक पॉइंट वाढवा, खाली आलं तर दर ५० ला एक कमी.

समजा ७ आयर्न ४३० ग्रॅम भरला आणि २८.२ इंचांवर तोलला. २८.२ वजा १४ म्हणजे १४.२, गुणिले ४३० म्हणजे ६१०६. डी-१. झालं!

फक्त खुणेत गडबड नको. ४३० ग्रॅमच्या क्लबला तीन मिलिमीटर चुकलात की अख्खा एक पॉइंट चुकतो. म्हणून क्लब तोलून पुन्हा उचला, पुन्हा तोला, हेड उलटं करून पण तोला, आणि मधलं माप धरा. दुकानातल्या काट्याशी तुमचा आकडा एखाद्या पॉइंटने जुळला नाही तरी बिघडत नाही, सगळे क्लब त्याच पट्टीवर त्याच हाताने मोजले की सेटमधला वेगळा क्लब पकडला जातोच, आणि तुम्हाला तेवढंच हवंय. बहुतेक सेटमध्ये एखादा ५ किंवा ६ आयर्न असा निघतो जो कधीच चालत नाही, तो आधी मोजा.

हेच गणित वापरून टेप लावायच्या आधीच उत्तर काढता येतं. हेड टोकापासून साडेछत्तीस इंचांवर असेल तर ते टेकूपासून साडेबावीस इंच लांब, म्हणजे २ ग्रॅमचे ४५, जवळजवळ एक पॉइंट. तेच २ ग्रॅम शाफ्टच्या मध्यावर चिकटवले तर जवळजवळ काहीच घडत नाही, तरी लोक चिकटवतात.

प्रश्न : नव्या ड्रायव्हरला मागे आणि हीलला स्क्रूची वजनं आहेत. जड स्क्रू हीलला लावला तर स्लाइस (बॉल उजवीकडे वळत जाणं) जाईल असं विकणाऱ्याने सांगितलं. गेला नाही. — एक वाचक, ठाणे

स्लाइस किती आहे त्यावर आहे. हीलकडे वजन नेलं की हेडच्या वजनाचा मध्य हीलकडे जातो आणि फेस बंद व्हायला थोडी मदत होते, ते खरंच आहे. २००४ साली टेलरमेडचा आर-७ क्वाड चार सुट्या वजनांसह आला तेव्हापासून हे गणित सगळ्या कंपन्या विकतायत. पण ही मदत थोड्या यार्डांची असते. फेअरवेच्या उजव्या कडेला पडणारा बॉल आत येईल. शेजारच्या होलवर जाणारा बॉल शेजारच्या होलवरच जाणार, तो स्विंगचा आणि उघड्या फेसचा प्रश्न आहे, स्क्रूचा नव्हे.

मागचं वजन जड ठेवलं तर बॉल सोपा वर जातो आणि मिसहिटला हेड कमी वळतं, पुढे नेलं तर बॉल खालून जातो आणि स्पिन कमी होतो. तुमचा बॉल आधीच कमी उंच जात असेल तर पुढे नेण्याच्या भानगडीत पडू नका. आणि एक, दोन जागांचे स्क्रू अदलाबदल केले तर एकूण वजन तेच राहतं, पण एका जागी मोठा स्क्रू विकत आणून लावलात तर स्विंगवेटही चढतं, मग नक्की कशाने फरक पडला ते सांगता येत नाही. एका वेळी एकच बदल. सोबत मिळालेलाच पाना वापरा, 'टक' आवाज आला की थांबा.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची. माझे जुने स्टीलचे आयर्न कापून तिला दिले तर चालतील का? जूनियर सेटचा खर्च वाचेल. — एक पालक, नवी मुंबई

नको. कापल्याने शाफ्ट अजून कडक होतो, आणि हेड मोठ्या माणसाचंच राहतं, ७ आयर्नचं हेडच २७० ग्रॅमच्या घरात. वर ग्रिप जाड. ती मग अंगाने ओढून मारायला शिकेल आणि ती सवय काढायला दोन वर्षं जातील. खर्चच वाचवायचा असेल तर पूर्ण सेट नको, हलक्या ग्राफाइट शाफ्टचे वापरलेले जूनियर क्लब तीन-चारच घ्या, एक पटर, एक वेज, एक मधला आयर्न, एक हायब्रिड. मुलं भराभर उंच होतात त्यामुळे क्लबमधल्या ओळखीत विचारलंत तर कोणाच्या तरी माळ्यावर पडलेले असतातच.

प्रश्न : क्लबच्या स्पर्धेत लेड टेप चालते का? मध्येच निघाली तर? — एक वाचक, पुणे

चालते. राउंड सुरू व्हायच्या आधी हवी तेवढी लावा. एकदा टी-ऑफ (पहिला शॉट) झाला की लावायची नाही, काढायची नाही, सरकवायची नाही, ड्रायव्हरच्या स्क्रूलाही तेच लागू, नियम ४.१. खेळता खेळता आपोआप सुटली तर त्याच जागी परत चिकटवता येते. जुलै-ऑगस्टमध्ये सुटतेच, म्हणून आदल्या रात्री लावा, सकाळी पार्किंगमध्ये ओल्या क्लबवर नको.

प्रश्न : इथे फिटर पूर्ण सेटला एमओआय मॅचिंग करतो म्हणतोय, स्विंगवेटपेक्षा भारी म्हणे. पैसे घालू का? हँडिकॅप २४ (आकडा मोठा तेवढा खेळ कच्चा). — एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

स्विंगवेटमध्ये क्लब स्थिर ठेवून तोलतात, एमओआयमध्ये (मोमेंट ऑफ इनर्शिया) तो फिरवायला किती जोर लागतो ते सगळ्या क्लबना सारखं करतात. कल्पना जास्त बरोबर आहे, शंका नाही. त्यात छोट्या क्लबचं स्विंगवेट लांब क्लबपेक्षा थोडं चढं निघतं, काहींना ते फार आवडतं. पण २४ हँडिकॅपला तुमचे मार्करचे ठिपके फेसभर असणार, तिथे एवढा बारीक फरक दिसायलाच नाही. त्याच फिटरकडून लांबी, लाय आणि शाफ्टचं वजन बघून घ्या, बाकी पैसे शिकवणीला. आणि आवडता एक क्लब आणि नावडता एक क्लब, दोन्ही नाशिककरांच्या उत्तरातल्या पद्धतीने घरी मोजून आकडे कळवा, पुढच्या अंकात बघू.